काठीने आभाळ मोजणारे पठाणी सामंत

प्रश्न: मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, बी.एस्सी. करायलोय. ओडिशाच्या पठाणी सामंतांनी दुर्बीण नसताना ग्रह मोजले म्हणतेत, हे खरंय का वाढवून सांगतेत? आणि आमच्या गच्चीवरून जमेल का?

उत्तर: खरंय. खंडपाड्याचे चंद्रशेखर सिंह सामंत, म्हणजेच पठाणी सामंत (१८३५–१९०४), कॉलेज नाही, इंग्रजी नाही, घरच्या पोथ्या वाचून शिकले. सूर्यसिद्धांत, भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी या जुन्या खगोलग्रंथांवरून गणित मांडायचे आणि रात्री बघायचे तर ग्रह त्या जागी नाहीच! शिरोमणी ११५०चा, गतीच्या आकड्यातली बारीक चूक सातशे वर्षं साचत गेल्यावर दुसरं काय होणार. (भास्कराचार्य तुमच्यापासून लांब नाहीत बरं का, कन्नडचा घाट उतरून चाळीसगावाजवळच्या पाटणला त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी काढलेल्या मठाचा शिलालेख आहे.) मग सामंतांनी स्वतःच मोजायला घेतलं. चंद्राच्या कक्षेचा कल शिरोमणीत ४ अंश ३० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे, यांनी काढला ५ अंश ९ कला, आजचा आकडाही जवळपास तोच! मला तर हे वाचून दरवेळी भरून येतं. सगळं त्यांनी सिद्धांतदर्पण या ताडपत्रावरच्या संस्कृत ग्रंथात लिहिलं, तो १८९९ला कलकत्त्यात छापला गेला.

त्यांचं मानयंत्र म्हणजे २४ अंगुळांची काठी, टोकाला आडवी पट्टी, पट्टीवर खाचा आणि भोकं. मोकळं टोक डोळ्यापाशी धरायचं, तारा ज्या खाचेत दिसेल तिथला कोन वाचायचा. खाचांचं अंतर म्हणजे त्या कोनाचा टॅन, तुम्ही अकरावीत शिकलात तोच.

तुम्ही ६० सेंमीची काठी घ्या. टोकाला मीटरची लाकडी पट्टी मधोमध काटकोनात ठोका, मधल्या खुणेला शून्य धरून ५ अंशाला सव्वापाच सेंमी, १० ला साडेदहा, २० ला पावणेबावीस अशा खुणा करा. मग पट्टी उभी धरा, ती सरळ आहे का ते गवंड्याच्या ओळंब्याने बघा आणि ध्रुवतारा मोजा, परभणीला तो २१ सेंमीच्या आसपास, म्हणजे सुमारे १९ अंशावर यायला पाहिजे, कारण ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे तुमचा अक्षांशच. एका रात्रीवर विसंबू नका, वहीत तारीख-वेळ घालून परत परत मोजा, सामंतांनी आयुष्यभर तेच केलं. फक्त सूर्याकडं काठी रोखून अजिबात बघू नका, त्याच्यासाठी जमिनीत सरळ काठी रोवून सावली मोजायची.