शिकागोच्या रिग्ली फील्डवर बसून बेसबॉल बघण्यात एवढं काय आहे?

तुम्ही लिहिलंय की जुलैत मुलीकडे शिकागोला येताय, जावई रिग्ली फील्डची तिकिटं काढतो म्हणतोय, बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, आणि शंभर वर्षं जुन्या मैदानात तीन तास बसून करायचं काय?

जा. फक्त जावयाला सांगा, दुपारची मॅच काढ.

मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाढलेला माणूस. ‘सगळे फुलटॉस, तरी बॅटला लागत नाही’ एवढंच माझं बेसबॉलबद्दलचं मत. ऑफिसातल्या एकाने ओढून नेलं तेव्हा रेड लाइन या लोकल ट्रेनने ॲडिसन स्टेशनला उतरलो आणि स्टेडियम शोधायला लागलो. पार्किंगचं माळरान नाही, उड्डाणपूल नाही. घरं, बार, पुन्हा घरं आणि मधेच मैदान. वेव्हलँड आणि शेफील्ड या रस्त्यांपलीकडच्या इमारतींच्या गच्च्यांवरून लोक मॅच बघत होते. (पूर्वी फुकट बघायचे, आता तिथेही रीतसर बाकं आणि तिकिटं.) होमरन (म्हणजे त्यांचा सिक्स) भिंतीवरून थेट वेव्हलँडवर पडला तर उचलायला काही मंडळी हातात ग्लोव्ह घालून रस्त्यावरच उभी. पार्कात सिक्स रस्त्यापलीकडे गेला की आमचीही अशीच धावाधाव व्हायची. तिथेच मी निम्मा पटलो.

मैदान १९१४ चं. बांधलं फेडरल लीगमधल्या एका टीमसाठी. ती लीग दोन वर्षांत बुडाली आणि १९१६ पासून इथे शिकागो कब्स खेळतात. पण जुनं म्हणून भारी, असं मी म्हणणार नाही. जुन्या वास्तूला खांब असतात, आणि खांबामागची सीट मिळाली तर अर्धा खेळ दिसत नाही. तिकीट काढताना तेवढं बघाच. मला आवडतं ते हे की इथे मैदान खेळात लुडबूड करतं.

आउटफिल्डची भिंत विटांची आहे, तिला गादी नाही. १९३७ मध्ये तिच्यावर आयव्हीचे वेल चढवले. एप्रिलमध्ये नुसत्या काड्या असतात, तुम्ही याल तेव्हा भिंत गच्च हिरवी असेल. बॉल त्या पानांत अडकला तर फील्डरने दोन्ही हात वर करायचे. अंपायरला पटलं तर बॅटरला दोन बेस (रन पुरा करायला गाठायच्या चार टप्प्यांपैकी दोन) मिळतात आणि खेळ थांबतो. पण फील्डरने पानांत हात घालून शोधाशोध सुरू केली, तर खेळ चालूच, आणि बॅटर पळतोय! म्हणजे बॉल समोर दिसत असला तरी हात न लावण्यातच शहाणपण. मला कांगा लीग आठवली. तिथे पावसाळ्यात वाढलेल्या गवतात बॉल रुतायचा, म्हणून चांगले चांगले बॅट्समनही उचलून मारायचे.

दुसरी लुडबूड वाऱ्याची. मिशिगन तलाव चालत जाण्याइतका जवळ आहे. वारा तलावाकडून आत येत असला की खणखणीत बसलेला फटकाही हवेत मरतो. उलटा वाहिला की साधा झेलसुद्धा प्रेक्षकांत जातो. १७ मे १९७९ ला असाच वारा होता. फिलाडेल्फियाने कब्सना दहा इनिंगमध्ये २३-२२ ने हरवलं. बेसबॉलमध्ये चार-पाच रन म्हणजे बरा स्कोअर, यावरून अंदाज घ्या. इथले जुने प्रेक्षक आत आल्या आल्या आधी झेंडे बघतात, मग टीम.

स्कोअरबोर्डही १९३७ चाच. आत माणसं बसून हाताने आकड्यांच्या पाट्या बदलतात. त्या बोर्डावर आजवर मॅचमधला एकही फटका आदळलेला नाही. १९५१ मध्ये सॅम स्नीड या गोल्फरने होम प्लेटजवळून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, बॉल मारून तो गाठला, पण तो बॉल गोल्फचा!

आणि दुपारच्या मॅचचा आग्रह का? मालकांनी फ्लडलाइटचं सामान १९४१ मध्ये आणलं होतं, पण पर्ल हार्बर झालं आणि त्यांनी ते युद्धाच्या कामाला देऊन टाकलं. त्यानंतर दिवे लागले थेट ऑगस्ट १९८८ मध्ये. पहिल्याच रात्री पावसाने मॅच धुतली. तोवर सगळा कारभार उन्हातला, त्यामुळे या मैदानाचा स्वभावच दुपारचा आहे. पाचव्या-सहाव्या इनिंगला स्टँडची सावली पिचर (बॉल टाकणारा) आणि बॅटरच्या मधे सरकते, बॉल उन्हातून निघून सावलीत शिरतो आणि बॅटरची पंचाईत होते.

तीन तासांची धास्ती सोडा. २०२३ पासून पिचरला बॉल टाकायला घड्याळ लावलंय, बहुतेक मॅच त्याआधीच आटपते. कंटाळा आला तर स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घ्या. माझ्या शेजारचे आजोबा प्रत्येक बॉलची नोंद करत होते. बॅटर बॅट न फिरवता आउट झाला की इंग्रजी ‘के’ उलटा काढायचा, हे त्यांनीच शिकवलं. पुढच्या इनिंगला मीच त्यांच्याआधी उलटा ‘के’ काढला.

कब्स १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम लढत, जिंकले, तेही क्लीव्हलँडच्या मैदानावर. तेव्हा लोक रिग्लीच्या बाहेरच्या भिंतीपाशी खडू घेऊन आले आणि विटांवर नावं लिहू लागले. वडिलांची, आज्यांची, जे वाट बघत गेले त्यांची.

मॅच संपली की स्कोअरबोर्डवर झेंडा चढतो. जिंकले तर पांढरा, त्यावर निळा ‘डब्ल्यू’. हरले तर निळा, त्यावर पांढरा ‘एल’. घरी चाललेल्या लोकांना ट्रेनमधून निकाल कळावा म्हणून ही सोय. खिशात फोन असतो, त्यावर स्कोअरही असतो, पण ॲडिसन आलं की मी अजून खिडकीबाहेरच बघतो. गेल्या आठवड्यात तीनदा निळाच होता.