दादांच्या प्लॉटवर बांधलेला मजला

पुण्याच्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं: "कराडला दादांनी स्वतःच्या पैशाने घेतलेल्या प्लॉटवर त्यांचं घर आहे. दोन वर्षांपूर्वी मी त्यावर वरचा मजला बांधला. चौदा लाख लागले. सहा लाखांची एफडी मोडली, आठ लाखांचं पर्सनल लोन काढलं. कागद काही केला नाही. आम्ही राहायला गेलो नाही, दादांनी तिथे भाडेकरू ठेवला. आता ते घर विकतायत. पैशांचा विषय काढला तर म्हणतात, 'भावाभावांत हिशेब कसला?' ते पैसे बुडाले असं धरून, भरून काढायला एजंटच्या सांगण्यावरून वर्षाला एक लाखाची पॉलिसी घेतली. दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी बावीस लाख. ठेवू का इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात) जाऊ?"

पॉलिसी परत करा. परतावा पडतो जेमतेम पाच टक्के आणि तुमच्या डोक्यावर चौदा टक्क्यांचं कर्ज आहे. 'पैसे दुपटीहून जास्त' म्हणणाऱ्या एजंटने वीस वर्षं हा शब्द हळूच उच्चारला असणार. पॉलिसी हातात पडून दहा-बारा दिवसच झालेत, म्हणजे तीस दिवसांच्या फ्री-लूक मुदतीत, म्हणजे नको असलेली पॉलिसी परत करायच्या मुदतीत, आहात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. किरकोळ कपात होऊन लाख परत येतील. इंडेक्स फंडाचं नंतर बघू.

पण ते चौदा लाख बुडाले असं तुम्हाला सांगितलं कोणी?

भारतीय करार कायदा, 1872. त्याचं कलम 70 नेमकं करार नसतानाच लागू होतं. तुम्ही दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केलंत, ते फुकट करण्याचा हेतू नव्हता आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने भरपाई द्यायची किंवा वस्तू परत करायची. सर्वोच्च न्यायालयाच्या बी. के. मंडल खटल्यात (निकाल डिसेंबर 1961) ठेकेदाराने सरकारी खात्यासाठी गोदामं बांधली होती, पण नियमाप्रमाणे वैध करारच झालेला नव्हता. सरकार म्हणालं, करार नाही तर पैसे नाहीत. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी (साताऱ्यातच जन्मलेले) सांगितलं की सरकारला काम नाकारायची मोकळीक होती. ते स्वीकारलं, वापरलं, तर मोबदला द्यावा लागेल.

तुमच्या दादांनी नुसता स्वीकारला नाही, मजल्याचं भाडं खाल्लं. आता विक्रीच्या किमतीतही तो मजला मोजला जाणार.

अडचण येईल ती 'फुकट नव्हतं' हे दाखवताना. भावाने भावासाठी केलं म्हणजे प्रेमाने दिलं, असंच समोरचा वकील म्हणेल. म्हणून पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलेला दादांचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: "तू बांध, हिशेब नंतर बघू." बक्षिसाचा हिशेब कोणी नंतर बघत नाही. तो मेसेज पुसू नका, फोन बदलू नका. सिमेंट-सळईची बिलं, गवंड्याला केलेले ट्रान्सफर, लोनचं स्टेटमेंट एका फाइलमध्ये लावा.

आशा मात्र वाजवी ठेवा. घरात हिस्सा मिळणार नाही. लोनवरचं व्याजही दादांच्या माथी बहुधा मारता येणार नाही. मिळेल ती मजल्याची वाजवी किंमत, चौदाच्या जागी दहा-अकरावर तडजोड झाली तरी घ्या. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं, त्यातली दोन संपली. घर विकून पैसे वाटेला लागले की वसुली फार जड जाते. या आठवड्यात दिवाणी वकील गाठा आणि व्यवहार होण्याआधी नोटीस जाऊ द्या. नोटिशीने नातं बिघडेल ही भीती मला कळते. पण लोनचा हप्ता दरमहा अठरा हजार सहाशे, तोही तुमच्या मुलांच्या घासातून जातोय, हे दादांना समोर बसून एकदा सांगाच.

आणि बँकेने होम लोन का दिलं नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय: "प्लॉट माझ्या नावावर नाही म्हणून." बँकेला जे तारण चाललं नाही, त्यावर तुम्ही आयुष्याची बचत लावलीत. त्या दिवशी दोघांच्या सहीचा एक करारनामा केला असता तर आज गवंड्याची बिलं शोधावी लागली नसती.

लोनची बाकी अंदाजे साडेपाच लाख आहे. पॉलिसीचे लाख परत आले की प्रीपेमेंट चार्ज (मुदतीआधी कर्ज फेडण्याचं शुल्क) विचारून ते आधी तिथे भरा. दादांकडून जे येईल, त्यातूनही पहिले साडेचार लाख तिथेच.