एप्रिलमध्ये आई-बाबांना घेऊन दक्षिण युरोपात कुठे जावं, जिथे गर्दी नसेल?

तुम्ही लिहिलंय की समुद्रात पोहायचं नाही, बाबांना फार चालवत नाही आणि रोम-बार्सिलोनाची रेटारेटी नको. मग पोर्तुगालचा आलेंतेजो हा प्रदेश बघा. लिस्बनहून रेल्वेनं साधारण दीड तासावर तिथलं एव्होरा हे गाव आहे. मी आईला घेऊन एप्रिलमध्ये तिथे पाच रात्री राहिले.

भर उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीपार जातो आणि सगळं माळरान करपून पिवळं पडतं. एप्रिलमध्ये तेच माळ हिरवंगार, त्यात पिवळी-जांभळी रानफुलं, आणि खांबाखांबावर करकोच्यांची काटक्यांची घरटी. करकोचा ओरडत नाही, चोच वाजवतो. कोणीतरी वर बसून टिपऱ्या खेळतंय असं वाटतं.

मला सगळ्यात आवडली ती बुचाची झाडं. (आपल्याकडचं पांढऱ्या फुलांचं बुचाचं झाड वेगळं. हे ओकच्या जातीचं, बाटलीचं बूच याच्याच सालीचं.) साल नऊ वर्षांतून एकदाच काढतात आणि खोडावर पांढऱ्या रंगानं त्या वर्षाचा शेवटचा आकडा टाकतात. ४ दिसला की समजायचं, २०२४ मध्ये सोललंय, आता २०३३ पर्यंत हात लावायचा नाही. एव्होराजवळच्या आल्मेंद्रेशच्या हजारो वर्षं जुन्या उभ्या शिळा बघायला टॅक्सीनं गेलात की वाटेत ही झाडं दिसतीलच.

गावात रोमन देवळाचे १४ खांब अजून उभे आहेत. हाडांनी मढवलेलं चॅपलही आहे. त्याच्या दारावर लिहिलंय, ‘आम्ही हाडं इथे तुमच्या हाडांची वाट बघतोय’. मी अर्थ सांगितल्यावर आई बाहेरच बाकावर बसली. गल्ल्या दगडी आणि चढ-उताराच्या आहेत, बाबांना रबरी तळव्याचे बूट घ्या. एखादी सर येते, छत्री असू दे. २५ एप्रिलला १९७४ च्या क्रांतीची सुट्टी असते, त्या दिवशी बरीच दुकानं बंद.

जेवणाची काळजी नको, हे लोक कोथिंबीर आपल्यासारखीच सढळ हातानं घालतात. ‘असोर्दा’ मागवा: लसूण-कोथिंबीर-मिठाचं वाटण, ऑलिव्ह तेल, उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे आणि वर अंडं. आई म्हणाली, “हा तर पावाचा कुस्करा!” मासा नको असेल तर आधीच सांगा, बरेचदा त्यात खारवलेला कॉड घालतात.

आणि एक. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं, पण हात लावला नाही तर पैसे द्यावे लागत नाहीत. पहिल्या रात्री आम्ही सगळं फस्त केलं. बिल बघितल्यापासून वेटर बशी घेऊन येताना दिसला की आईच आधी हात आडवा करायची.