रुंद टायर घालायचेत? आधी मोजमाप घे
तुझ्या 1969 च्या शेवरोले कॅमेरो गाडीला मागे 275/60 आर 15 टायर (275 मिमी रुंद, 15 इंच व्यासाच्या रिमसाठी) घालायचा बेत छान आहे, बहुधा जमेल. पण रिम आधी विकत घेऊ नकोस. बहुतेक नवखे तिथेच फसतात, कारण रिमचं बॅकस्पेसिंग जुळत नाही.

बॅकस्पेसिंग म्हणजे रिमची आतली कड ते हबला टेकणारा भाग यातलं अंतर. हे वाढलं की चाक आत सरकतं, कमी झालं की बाहेर फेंडरकडे (चाकावरच्या पत्र्याकडे).

- मापं घेताना जॅकस्टँड ॲक्सलखाली लाव, चासीखाली नको. ॲक्सल लोंबकळत असेल तर सगळी मापं खोटी.
- ब्रेक ड्रमच्या तोंडापासून (जिथे रिम टेकते) आत लीफ स्प्रिंगपर्यंत (पट्ट्यांची स्प्रिंग) आणि बाहेर फेंडरच्या कडेपर्यंत मोज. दोन्ही बाजू मोज! या जुन्या गाड्यांत डावं-उजवं क्वचितच सारखं भरतं.
- 8 इंच रुंदीची रिम बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत साधारण 9 इंच भरते. हा एक इंच विसरला की हिशेब बिघडतो.
- टायर रिमपेक्षाही फुगतो. 275 चा टायर 8 इंची रिमवर दर बाजूला जवळपास 0.9 इंच बाहेर येतो.

समज, आत स्प्रिंगपर्यंत 6.25 इंच आहेत. अर्धा इंच मोकळा सोड, 0.9 फुगवटा वजा कर, उरले 4.85. म्हणजे 4.75 चं बॅकस्पेसिंग चालेल. मग बाहेरच्या बाजूला 9 वजा 4.75 म्हणजे 4.25, अधिक 0.9 फुगवटा, असे 5.15 इंच लागतील, तेवढी जागा अर्धा इंच राखून आहे का बघ.

ॲक्सल आखूड करणं, मिनी-टब (आतली चाकाची खोबण रुंद करणं) वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नकोस. मापं घे आणि चारही आकडे (डावी-उजवी, आत-बाहेर) इथे टाक, आपण मिळून रिम ठरवू.