आधी कागद, मग काँक्रीट

बाळ,

तुझा मेसेज वाचला. एवढ्या रात्री पाठवलायस म्हणजे डोळ्याला डोळा नाही हे कळलंच. गल्लीला निधी आलाय, रस्ता, गटार, पेव्हर, कोपऱ्यावर गार्डन असं एस्टिमेट झालंय, कमिटीत तुझं नाव घातलंय आणि आता जो तो मागे लागलाय सही कर, सही कर, नाहीतर ३१ मार्चला पैसे परत जातील. आणि तू विचारतेस, काका, गल्लीतल्या घरांच्या यादीत भाडेकरूंची नावंच नाहीत, सही करू का थांबू?

थांब. आधी कागद, मग काँक्रीट. हे मी तुला पूर्वीपण सांगितलंय, आज परत सांगतो आणि उद्या भेटलीस तर परत सांगीन.

निधी नको असं मी म्हणत नाही बघ. तो आपल्या हक्काचा पैसा आहे, कुणी खिशातून देत नाही. कर्नाटकात कॉर्पोरेशननी बजेटातून अनुसूचित जाती-जमातींसाठी २४.१० टक्के आणि इतर गरिबांसाठी ७.२५ टक्के बाजूला काढायचे असतात, ते मागून घ्यायचेच. पण रस्ता गुळगुळीत झाला की जागेचा रेट वाढतो, रेट वाढला की मालकाला भाडं कमी वाटायला लागतं, आणि ज्याच्याकडे कागद नाही तो पहिला उठतो. म्हणजे ज्याच्या नावानं पैसा आणला तोच त्या रस्त्यावर राहत नाही.

आपल्याकडे बेळगावात वडगाव-खासबागच्या विणकर वस्तीत काय आहे तुला माहितीच आहे. भाड्याच्या शेडमध्ये दोन-चार माग. माग काय उचलून दुसरीकडे नेता येतो? फरशीला बोल्ट मारून बसवलेला, त्याला वेगळं मीटर, नवीन जागी परत पाया घाला, परत कनेक्शनला अर्ज करा, तोपर्यंत मागाच्या रोळावरचं सूत तसंच पडून आणि व्यापारी साडीला थांबत नाही. मग माणूस माग भंगारात घालतो आणि वॉचमनच्या कामाला लागतो. अशी माणसं मी बघितलीत, अजून भेटतात, हात जोडतात, आणि माझ्या जिवाला ते लागून राहिलंय.

आमच्या गल्लीत मी काम अडवलं हे तू ऐकलं असशील. होय, अडवलं. शेजारच्या गल्लीनं आधी रोड करून घेतला, आमच्याकडे चिखल, बायका नळाला जाताना घसरायच्या, आणि त्या चिखलातून जाताना लोक माझ्या तोंडावर म्हणायचे हा माणूस विकासाच्या आड येतोय. घरातसुद्धा कुणी बोलेना. मी एवढंच धरून बसलो होतो की घरोघर सर्व्हे होऊन यादी हातात पडल्याशिवाय खडी टाकायची नाही. आज आमच्या गल्लीत जुनी घरं जागेवर आहेत, भाडेकरूसकट. शेजारच्या गल्लीत जाऊन बघ किती जुनी माणसं राहिलीत ते. मला हट्टी म्हणतात ना, म्हणू देत. परत तीच वेळ आली तर परत अडवीन.

आणि हे काय माझ्या डोक्यातलं खूळ नाही. ओडिशानं २०१७ मध्ये झोपडपट्टीतल्या लोकांना जमिनीचा हक्क द्यायचा कायदाच केला. छोट्या शहरांत ड्रोननं मोजणी केली, घरोघर सर्व्हे केला, नवरा-बायको दोघांच्या नावानं हक्कपत्र दिलं, विकता येत नाही पण वारसाला जातं, बँकेत गहाण ठेवता येतं. तिथल्या ‘जागा’ नावाच्या सरकारी मिशननं या हक्काला धरूनच रस्ते, पाणी, दिवे आणले. २०१९ मध्ये त्याला वर्ल्ड हॅबिटॅट पुरस्कार मिळाला. सरकारनं मनावर घेतलं तर होतं की!

आपल्या बेळगावला पैसा कधी आलाच नाही असं पण नाही. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपलं नाव आलं, केंद्राचे ५०० कोटी आणि राज्याचे तेवढेच असं ठरलेलं, आणि २०२५ च्या मार्चमध्ये ते मिशन बंदपण झालं. योजना येतात आणि जातात, उद्या दुसरी येईल. पण एकदा हललेलं कुटुंब परत येत नाही. त्यामुळे ३१ मार्चची भीती मला घालू नकोस, दरवर्षी हीच भीती घालून सह्या घेतात.

आता काय करायचं ते ऐक. पहिलं, जागा कुणाची ते काढ. सरकारी, कॉर्पोरेशनची, कँटोन्मेंटची का खासगी, सिटी सर्व्हेचा (सीटीएस) उतारा काढल्याशिवाय पुढं एक शब्द बोलू नको. सरकारी असेल तर कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या ९४ सीसी कलमाखाली घर सक्रम, म्हणजे कायदेशीर, करायचा अर्ज बसतो का बघ. कर्नाटकाच्या १९७३ च्या झोपडपट्टी कायद्याखाली वस्ती झोपडपट्टी म्हणून घोषित आहे का तेही विचार, तोंडी सांगितलेलं धरू नको, लेखी घे. बी-खाता दाखवून कुणी मालकी झाली म्हणालं तर गप्प बसू नको, तो टॅक्स भरायचा कागद आहे. आणि भाडेकरूंची यादी वेगळी कर, लाईट बिलावरचा आरआर नंबर, रेशन कार्ड, लेकरांच्या शाळेचा दाखला, जे मिळेल ते लाव. लोक हे सगळं गादीखाली नाहीतर डब्यात कॅरीबॅगेत ठेवतात, निम्मं ओलं झालेलं असतं, तू घरी बसून सुकवून झेरॉक्स काढ. कंटाळा करू नको, खरं काम हेच आहे, मीटिंगमध्ये बोलणं नव्हे.

नोटीस कानडीत आहे म्हणून बाजूला ठेवलीस असं लिहिलंयस. हे मला अजिबात आवडलं नाही. मराठीत कागद मागायचा आपला हक्क आहे आणि तो मागायचाच, पण तोवर हरकतीची मुदत कुणासाठी थांबत नाही. कानडी वाचायला शीक बाळ, तू हुशार आहेस, महिन्याभरात येईल.

सही करायचीच झाली तर त्याच कागदावर लिहून घे की यादीतली सगळी घरं, भाडेकरू धरून, काम संपल्यावर तिथंच राहतील, आणि ती यादी एस्टिमेटला जोडलीच पाहिजे. नाही म्हणाले तर पेन खाली ठेव. तुला पण शिव्या पडतील, माझ्यापेक्षा जास्त पडतील कारण तू पोरगी आहेस. मी येऊन शेजारी बसतो, पण बोलायचं तूच.

नोटिशीचे फोटो आज पाठव, दोन्ही बाजूंचे. मीटिंग कधी आहे तेपण कळव.

तुझा,
काका