आधी चिठ्ठी, मग खडा

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल दोनदा वाचलं, चारही फोटो मोठे करून पाहिले. सोन्याची अंगठी, कोंदणात लालसर तपकिरी अकीक, त्यावर खोदलेला शिरस्त्राण घातलेला भालाधारी. विक्रेता म्हणतो रोमन, दुसरं-तिसरं शतक, "जुन्या खासगी संग्रहातून". तीन आठवडे तुला झोप नाही, आणि एवढं सगळं लिहून शेवटी विचारतोस काय, तर "अस्सल असेल का?"

अरे, हा दुसरा प्रश्न झाला. पहिला विचारलाच नाहीस. चिठ्ठी कुठे आहे?

चिठ्ठी म्हणजे काहीही. जुनी पावती, लिलावाच्या सूचीतलं पान, आधीच्या मालकाच्या हातचं पाकीट, पेटीच्या तळाला डकवलेला आकडा. ही वस्तू अमुक साली अमुक माणसाकडे होती, एवढं सांगणारा कागद. "जुन्या खासगी संग्रहातून" ही चिठ्ठी नव्हे. ते वाक्य आहे, आणि ते लिहायला कुणाला काही पडत नाही.

म्हातारी मूळ प्रश्न टाळतेय असं म्हणशील, म्हणून त्याचंही सांगते. अकीकाची कठीणता, दगडांच्या 1 ते 10 या मोहस मापावर, साधारण 7. पोलादी टोकाने त्यावर नक्षी कोरता येत नाही. जुने कारागीर धनुकलीने फिरणाऱ्या सामत्याला, म्हणजे भोकं पाडायच्या हत्याराला, मऊ धातूचं टोक लावत, त्यावर कुरुंद या कठीण दगडाची पूड आणि तेल. खडा खरं तर घासला जातो. म्हणून दहापट भिंगाखाली त्या रेषांचे तळ गोलसर दिसतात, खळगे एकात एक विरघळल्यासारखे. विजेच्या यंत्रावरच्या हिऱ्याच्या टोकाने घाईत केलेलं काम कोरडं आणि ओरबाडल्यासारखं दिसतं. काच ओतून केलेला खडा असेल तर आत बुडबुडे सापडतात. अंगठीच्या खांद्यावर तार आहे ना, तीही बघ. प्राचीन तार बहुधा पातळ पट्टी पिळून केलेली असते, तिच्यावर मळसूत्री शिवण दिसते. भोकाभोकांच्या पट्टीतून ओढलेल्या तारेवर लांबच लांब समांतर ओरखडे असतात, आणि तशी तार रोमन म्हणून समोर आली तर मी भिंग खाली ठेवते.

पण ऐक. अठराव्या शतकातले युरोपातले खडे कोरणारेही सामता आणि पूड वापरूनच काम करत. हात तितकाच तरबेज, हत्यार जवळजवळ तेच, आणि मधल्या दोन-तीनशे वर्षांची झीजही त्यावर चढलेली. 1724 साली फिलिप फॉन श्टोश याने कारागिरांची नावं कोरलेल्या प्राचीन खड्यांवर मोठा ग्रंथ काढला. सही असलेल्या खड्यांना एकदम भाव आला, आणि मग अस्सल जुन्या खड्यांवर नव्या सह्या पडू लागल्या. आता सांग, असा खडा अस्सल की नकली? उलटही होतं. मध्ययुगात लोकांनी रोमन खडे घेऊन आपल्या मुद्रांमध्ये बसवले, भोवती लॅटिन अक्षरं कोरली, "सिगिलम सिक्रेटी", म्हणजे खासगी मुद्रा. आतला देव एका काळाचा, भोवतालचा धातू हजार वर्षांनी पुढचा, आणि दोन्ही अस्सल. तुझ्या अंगठीतला खडा जुना आणि सोनं नवं असू शकेल, किंवा सोनं जुनं आणि खडा नवा. भिंग तुला हात कसा चालला ते सांगेल. कुणाचा हात, कधीचा, तो खडा कुठून निघाला आणि कुणाकुणाकडून आला, हे भिंग सांगत नाही. ते चिठ्ठीच सांगते.

मोठमोठ्यांची इथे फजिती झाली आहे. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयाने 1896 साली सायताफार्नेस राजाचा म्हणून सोन्याचा मुकुट विकत घेतला. काळ्या समुद्राकाठच्या ऑल्बिया नगराने राजाला भेट दिलेला, असा मुकुटावर लेखच होता. जर्मन पंडित फुर्टवेंगलर पहिल्यापासून बोंबलत होता की हे नवं काम आहे. कुणी ऐकलं नाही. 1903 मध्ये ओडेसाचा सोनार इस्रायल रुखोमोव्स्की पॅरिसला आला आणि मुकुट आपणच घडवला हे पटवायला त्याचा एक भाग पुन्हा घडवून दाखवला. त्या मुकुटाला सुंदर गोष्ट होती, चिठ्ठी नव्हती. गोष्ट आणि चिठ्ठी यांतला फरक तुला कळला, तर या पत्राचं काम झालं.

झालं म्हणते आणि लिहितेच आहे. कारण आता माझी पाळी.

तुझ्या वयाची असताना मला एका दिवंगत संग्राहकाचे मणी मिळाले. काड्यापेटीएवढ्या सात डब्या. प्रत्येक डबीत कापूस, कापसात मणी, आणि झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. अक्षर बारीक, तिरकं, काही शब्द पुसट. लाल अकीक होते, लाजवर्द या निळ्या दगडाचे दोन लंबगोल, क्षारद्रवाने रेघा काढून भाजलेले पांढऱ्या नक्षीचे अकीक, काही काचेचे. मी काय केलं? एका दुपारी सगळे ताटात ओतले. रंग जुळवले, मोठे मधे, लहान कडेला, आणि रेशमात ओवून हार केला. डब्या फाटक्या होत्या, टाकून दिल्या. हार इतका देखणा झाला की मी तो दोन लग्नांत घातला.

पुढे कितीतरी वर्षांनी एका जाणत्या बाईंनी तो हातात घेतला. दिव्यापुढे धरून एकेक मणी फिरवला, भोकं पाहिली. दोन्ही बाजूंनी पोखरत मधे भेटलेली भोकं एका गटात, सरळ एकसारखी भोकं दुसऱ्यात. म्हणाल्या, "यात निदान तीन काळ आहेत. हे एकत्र कुठे सापडले?" मी म्हटलं, माझ्या ताटात. त्या हसल्या नाहीत.

मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, ऊर नगरीच्या राजकबरी खणताना पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलीने नाजूक अवशेषांवर वितळलेलं मेण ओतून, कापड दाबून, ते जागचे न हलवता उचलले. मणी कोणत्या ओळीत पडले होते हे राखलं, म्हणून तिथल्या राणी पुआबीचं शिरोभूषण पुन्हा मांडता आलं. तिथे पांढऱ्या नक्षीचे अकीक निघाले ते सिंधू संस्कृतीच्या घडणीचे, आणि मणी कोणत्या कबरीत सापडला याची नोंद होती म्हणून दोन संस्कृतींच्या व्यापाराला काळ जोडता आला. माझ्या हारातही तसेच चार मणी आहेत. त्यांच्यावरून आता काहीही जोडता येत नाही. त्यांचं तोंड मीच शिवलं, रेशमी दोऱ्याने.

म्हणून चिडते. तुझ्यावर नाही. थोडी तुझ्यावरही.

तू लिहितोस, "कागद नसला म्हणून वस्तूचं सौंदर्य कमी होतं का?" हे वाक्य मी वयाच्या पंचविशीत स्वतःच म्हणत असे, त्यामुळे ते ऐकलं की अंगावर काटा येतो. सौंदर्य कमी होत नाही. पण कागद नसलेली देखणी जुनी वस्तू बहुधा कुठून तरी उकरलेली असते, आणि कोण उकरतं, कसं, हे विचारायचं नाही म्हणूनच कागद नसतो. 1966 मध्ये तुर्कस्तानात उशाकजवळचे थडग्यांचे उंचवटे चोरांनी फोडले. त्यांतलं प्राचीन लिडिया राज्याचं सोनं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पोचलं, आणि खटल्यानंतर 1993 मध्ये परत गेलं. तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण 2006 मध्ये कळलं की उशाकच्या संग्रहालयात त्याच सोन्यातल्या पंखांच्या समुद्रघोड्याच्या पिनेजागी नक्कल ठेवलेली आहे. चोरी काही सात समुद्रांपलीकडेच होते असं नाही.

ब्रिटिश म्युझियमचं 2023 तर तुझ्या डोळ्यांसमोरचं. सुमारे दोन हजार वस्तू गहाळ किंवा खराब झालेल्या, बहुतेक खोदीव खडे आणि दागिने, आणि बऱ्याचशांची नीट नोंदच नव्हती. जे नोंदलं नव्हतं ते हरवलं तरी हरवल्याचं कळत नाही. एका खरेदीदाराला संशय आला तो विक्रीला आलेल्यांपैकी ज्या मोजक्या तुकड्यांची नोंद कुठे ना कुठे होती त्यांवरूनच, आणि त्याने ते 2021 मध्येच कळवलं होतं. एवढं मोठं घर, एवढे पंडित, आणि चिठ्ठी नाही!

याउलट पोनियातोव्स्की घे. या पोलिश राजपुत्राने रोममधल्या खडे कोरणाऱ्यांकडून सुमारे अडीच हजार खडे करवून घेतले, खोट्या ग्रीक सह्यांसकट, आणि ते प्राचीन म्हणून मिरवले. 1839 च्या लिलावाच्या सुमारास बिंग फुटलं, खडे जगभर पांगले. पण त्यांचे ठसे घेऊन ठेवलेले होते. आज कुठे एखादा खडा निघाला की ठशाशी ताडून ओळखता येतो, आणि नकली ठरलेले तेच खडे आता पोनियातोव्स्कीचे म्हणून लोक हौसेने जमवतात. खोट्यालाही चिठ्ठी मिळाली की त्याला घर मिळतं.

आता तू विचारशील, कारण तू चौकस आहेस आणि मला ते आवडतं, की तुमच्याकडचं सगळं कागदासकट आहे का? नाही. एक खडा कागदाविना आहे. काळसर जास्पर, त्यावर सिंहाचं मुंडकं, माझ्या नखाएवढं. पुरावस्तूंचा चोरटा व्यापार रोखणाऱ्या 1970 च्या युनेस्को करारानंतर दहा-बारा वर्षांनी घेतला, म्हणजे अजाण होते असंही म्हणता येत नाही. एका संग्रहालयाला देऊ केला. त्यांनी विचारलं, 1970 आधी तो मूळ देशाबाहेर होता याचा पुरावा? नव्हता. त्यांनी नम्रपणे नाकारला. त्यांचं बरोबरच होतं. तरी मी तो विकला नाही, विकणार नाही. विकला तर पुढचा माणूस माझंच नाव चिठ्ठी म्हणून वापरेल, "एका जुन्या खासगी संग्रहातून", आणि ते खरंही असेल. त्यापेक्षा माझ्या खणात बरा. शिवाय मी त्याची नोंद ठेवली आहे: कुणाकडून, कधी, काय सांगून दिला, मला काय खटकलं होतं आणि तरी मी का घेतला. ही सबब आहे हे मला कळतं. पण ती लिहिलेली सबब आहे.

तर तू काय करायचंस? विक्रेत्याला विचार: कोणता संग्रह, कोणतं साल, कागदाची प्रत पाठवा. निर्यातीचा परवाना आहे का? तू राहतोस तिथला पुरावस्तूंचा कायदा स्वतः वाच, विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नकोस. उत्तर गुळमुळीत आलं तर अंगठी सोड. झोप येईल, चार दिवसांत. आणि तोवर आजोबांकडून आलेले जे पाच-सहा खडे तुझ्याकडे आधीच आहेत, ते काढ. एकेकाला क्रमांक दे, वजन कर, मोजपट्टी शेजारी ठेवून तिरप्या उजेडात फोटो काढ. खोदीव खड्याचा ठसा घे, पण तडे नसलेल्या घट्ट अकीकाचाच. लाजवर्दाला आणि मऊ दगडाला हात लावू नकोस. खाचांतली माती सुईने काढू नकोस, मी काढली आहे. आजोबा काय सांगायचे ते आईला विचार आणि तिच्याच शब्दांत उतरव, "बहुतेक" म्हणाली तर "बहुतेक"सकट.

त्या सात डब्यांपैकी एक झाकण परवा शिवणाच्या पेटीत सापडलं. आतली चिठ्ठी शाबूत आहे. "मणी 11, विहिरीच्या दक्षिणेला, एकाच मडक्यात." माझ्या हारात एकशेचार मणी आहेत. त्यांतले अकरा कोणते, हे पाहायला काल रात्री बसले होते.

विक्रेत्याचं उत्तर आलं की कळव. फोन नको, लिहून पाठव.