मल्लाचे मन आणि पीएच.डी.

प्रश्न : मी एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी) ५८ टक्क्यांनी उत्तीर्ण आहे. मानसशास्त्राची पदवी नसताना क्रीडा मानसशास्त्रात पीएच.डी. करता येईल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : पात्रतेची काळजी नसावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात आणि हे संशोधन शारीरिक शिक्षण विभागातूनही करता येते. मुदत किमान ३, कमाल ६ वर्षे. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर ही विद्यापीठे जवळच आहेत, पण आधी मार्गदर्शकांचे शोधनिबंध वाचावेत.

खरा कस विषयनिवडीत लागतो. ‘खेळाडूंमधील चिंता’ असा ऐसपैस विषय घेऊ नका. तालमीच्या लाल मातीत वाढलेला तुमच्याकडचा मल्ल मॅटवर उतरतो, तेव्हा त्याच्या मनातली धास्ती, छातीतली धडधड आणि आत्मविश्वास हे तिन्ही घटक वजनगटासाठी वजन देताना व कुस्तीच्या तोंडावर वेगवेगळे मोजले, तर प्रशिक्षकांच्या हाती काही ठोस लागेल. हे मोजण्याची प्रश्नावली मराठी आणि कन्नड दोन्हींत पडताळावी लागेल. त्यात वेळ जाईल, तो जाऊ द्यावा.

मात्र या पदवीने मानसिक आजारांवर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी चिकित्सा मानसशास्त्राचे स्वतंत्र शिक्षण व भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.